क्रांतीची शेवटची फेरफार नोंद

आमच्या घरच्या ट्रंकेत तळाशी दोन कागद एकाच पिशवीत ठेवलेले आहेत. पहिला कुळकायद्याच्या कलम ३२-म खालचा दाखला आहे. आजोबा ज्या जमिनीत वर्षानुवर्षे नांगर धरत होते, तिचे ते आता मालक आहेत, असे शेतजमीन न्यायाधिकरणाने त्यात लिहून दिले आहे. दुसरा कागद त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी घरात आला. ती महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली जमीन संपादनाची नोटीस, आणि तिच्यावरही कलम ३२ च. कायदे वेगळे, आकडा एकच. एका बत्तीसने जमीन आली आणि दुसऱ्या बत्तीसने गेली. चाकणच्या आसपास, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, सावरदरी या गावांतून फिरलात तर हे दोन्ही कागद सांभाळून ठेवलेली घरे आजही भेटतील.

या कागदांकडे मी आता स्वातंत्र्याच्या क्रांतीची अखेरची कागदपत्रे म्हणून पाहतो. असे का वाटते, ते सांगण्यासाठी हा आढावा.

चाकण पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. आमच्या नैर्ऋत्येला चिंचवड, तिथे चापेकरांचा वाडा. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, आणि पुढच्या दोन वर्षांत दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ व महादेव रानडे फासावर गेले. उत्तरेला भीमेच्या काठी खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर. शिवराम हरी राजगुरू तिथे २४ ऑगस्ट १९०८ रोजी जन्मले आणि २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला भगतसिंग व सुखदेव यांच्याबरोबर त्यांना फाशी झाली. या दोन टोकांच्या मधोमध वाढलेल्या मुलाला क्रांती कशी सुरू होते, हे शाळेतच पाठ होते. ती संपते कशी, हे मात्र कुणी शिकवत नाही. पंधरा ऑगस्टला झेंडा चढला आणि संपली, एवढेच उत्तर मिळते. आपल्या भागाचा इतिहास नीट पाहिला तर ते उत्तर पुरत नाही. क्रांती हप्त्याहप्त्याने संपली. प्रत्येक हप्त्याला कुणीतरी घरी गेले, कुणी खुर्चीवर बसले, कुणी मारले गेले आणि कुणाचे नाव कागदावर आलेच नाही.

पहिला हप्ता आमच्या अगदी जवळ पडला. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, नेते पकडले गेले आणि चळवळ भूमिगत झाली. देहूरोडला सैन्याचे दारूगोळ्याचे आगार होते. तिथे काम करणाऱ्या भास्कर कर्णिकांनी स्फोटके बाहेर पोचवली. २४ जानेवारी १९४३ ला पुण्यातल्या कॅपिटॉल सिनेमात गोरे सैनिक चित्रपट पाहत असताना बाँब फुटले. आठवड्याच्या आत कर्णिक पकडले गेले आणि फरासखान्यात त्यांनी विष घेऊन प्राण दिले. साथीदारांची नावे सांगायची वेळ येऊ नये म्हणून. त्याच महिन्याच्या सुरुवातीला, २ जानेवारीला, भीमाशंकरच्या डोंगराखाली सिद्धगडच्या रानात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले होते. म्हणजे भीमेच्या उगमापाशी आणि इंद्रायणीच्या काठी १९४३ च्या एकाच महिन्यात क्रांतीचा एक प्रकार संपला. मूठभर माणसे, गुप्त साठा, एक धाडसी घाव, आणि मग फंदफितुरी किंवा चौकशी. चापेकरांपासून चालत आलेली ही रीत होती. तिच्यामागे गाव उभे असले तरी गाव तिच्या आत नव्हते.

साताऱ्यात तसे झाले नाही, आणि म्हणून शेवटाचा खरा अभ्यास तिथे करावा लागतो.

साताऱ्यातही सुरुवात मोर्च्यांनी झाली. ऑगस्टच्या अखेरीस कराड, मग ३ सप्टेंबरला तासगाव. तासगावात कचेरीवर तिरंगा चढला आणि मामलेदाराला गांधीटोपी घालावी लागली. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे अभियंता पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे पडले. यानंतर लोक कचेरीवर गेले नाहीत, त्यांनी कचेरीच गावात आणली. १९४३ च्या मध्यावर प्रतिसरकार उभे राहिले. नाना पाटील, किसन वीर, नागनाथ नायकवडी, जी. डी. बापू लाड, नाथाजी लाड, पांडू मास्तर ही नावे वाळव्यापासून वाईपर्यंत घरोघर पोचली. तुफान सेना तयार झाली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा घेतला गेला. खानदेशात डॉ. उत्तमराव पाटलांच्या साथीने १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ खजिना लुटला गेला.

पण खजिन्यापेक्षा मला न्यायदान मंडळांचे महत्त्व जास्त वाटते. बांधाचे वाद, सावकाराचे व्याज, टाकून दिलेल्या बाईची पोटगी, गावगुंडांचा त्रास हे सगळे या मंडळांपुढे येई आणि तिथेच मिटे. गांधी लग्न नावाने बिनखर्चाची लग्ने लागत. खबऱ्यांना आणि दरोडेखोरांना कडक शिक्षा होत. तळपाय फोडून काढण्याच्या शिक्षेवरून लोकांच्या तोंडी ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले आणि पत्री सरकार हे नाव रुजले. या शिक्षांत अन्याय कधीच झाला नसेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही. हाती काठी असलेला माणूस चुकतोच. तरीही वतनदार नसलेल्या, शाळा अर्धवट सोडलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी तीन वर्षे राज्य चालवून दाखवले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात फार मोठी आहे.

हे टिकले कशाने? एक कारण भूगोलाचे. सातारा जिल्ह्यात संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. कुंडल औंध संस्थानात होते. ब्रिटिश हद्दीतून पोलीस आले की माणूस ओढा ओलांडून दुसऱ्या राज्यात जाई. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यघटना दिली होती, आणि तिच्यात ग्रामपंचायतींच्या हाती मोठे अधिकार होते. गावाने गावाचा निवाडा करायचा, ही कल्पना कुंडलच्या माणसाला परकी नव्हती. दुसरे कारण सत्यशोधक चळवळीचे. भट-सावकारापुढे मान न झुकवायची सवय या भागातल्या बहुजन शेतकऱ्याला तीस-चाळीस वर्षे लागलेली होती. नाना पाटील स्वतः त्या परंपरेत वाढले. तिसरे कारण गावाने पाळलेले मौन. नानांच्या डोक्यावर बक्षीस होते आणि ते सुमारे चव्वेचाळीस महिने भूमिगत राहिले. एवढ्या काळात त्यांना पकडून देणारे गाव निघाले नाही.

आता शेवटाकडे येऊ. ६ मे १९४४ ला गांधीजी आगाखान पॅलेसमधून सुटले. गुप्तता त्यांना मान्य नव्हती. भूमिगतांनी उघडपणे पुढे यावे, असे त्यांनी सांगितले. काही जण हजर झाले. साताऱ्यातल्या बहुतेकांनी काम चालू ठेवले. गांधींवर श्रद्धा ठेवून गांधींचे न ऐकणे ही कसरत त्या माणसांनी दोन वर्षे केली. पुढे महायुद्ध संपले, १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात नौसैनिकांचे बंड झाले, निवडणुका झाल्या आणि बाळासाहेब खेर पुन्हा मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झाले. गृहखाते मोरारजी देसाईंकडे आले. वॉरंटे मागे घेतली गेली. नाना पाटील लोकांसमोर प्रकट झाले आणि त्यांच्या सभांना माणसांचा पूर लोटला. प्रतिसरकार थांबले.

थांबले म्हणजे काय झाले? याची नोंद फार तोकडी आहे. कुठे करार झाला नाही, कुठे सत्तांतराचा कागद लिहिला गेला नाही. न्यायदान मंडळांनी दिलेल्या निवाड्यांचे काय करायचे, हे कुणी ठरवले नाही. इथे आयर्लंडची आठवण होते. तिथेही १९२० मध्ये क्रांतिकारकांनी स्वतःची न्यायालये उभी केली होती. स्वतंत्र राज्य आल्यावर १९२२ मध्ये ती बंद केली गेली. पण १९२३ मध्ये त्या न्यायालयांचे काम गुंडाळण्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांनी दिलेले निवाडे नोंदवून घेण्याची सोय झाली. तिथेही यादवी झाली, रक्त सांडले, तरी क्रांतीच्या न्यायाला कायद्याच्या वहीत एक ओळ मिळाली. आपल्याकडे ती ओळ लिहिली गेली नाही. वाळव्यातल्या ज्या कुळाला मंडळाने १९४४ मध्ये जमीन परत मिळवून दिली, त्याच्या हाती १९४७ मध्ये दाखवायला काही नव्हते. सातबाऱ्यावर सावकाराचेच नाव होते. क्रांती करणाऱ्यांनी तलाठ्याचे दप्तर ताब्यात घेतले नाही. माझ्या मते त्यांची सर्वांत महागात पडलेली चूक ती आहे.

साहित्यातही हा सांधा रिकामा राहिला. यशवंतराव चव्हाण स्वतः साताऱ्याच्या भूमिगत लढ्यात होते. १९४६ मध्ये ते विधानसभेवर निवडून आले आणि गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. त्यांचे ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र याच वळणावर, कराडहून मुंबईला निघताना, थांबते. पुढचे दोन भाग त्यांच्या मनात होते, ते लिहून व्हायच्या आत १९८४ च्या नोव्हेंबरात ते गेले. कालपर्यंत पोलिसांना चुकवणारा माणूस पोलीस खाते चालवणाऱ्या मंत्र्याच्या कचेरीत बसला, तेव्हा त्याला काय वाटले, हे आपल्याला त्याच्याच हातचे वाचायला मिळायला हवे होते. य. दि. फडके यांच्या ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ या बहुखंडी ग्रंथाने त्या काळाचे राजकारण बारकाईने मांडले. गेल ऑम्व्हेट यांनी कासेगावात राहून प्रतिसरकारमागचा शेतकरी वर्ग, जात आणि स्त्रिया यांचा विचार केला. तरी १९४६ ते १९५२ ही सहा वर्षे अजूनही अंधुक आहेत. त्याच वर्षांत सगळी फाटाफूट झाली.

फाटाफूट दोन बाजूंनी झाली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी १९४७ मध्ये काँग्रेसच्या आतच शेतकरी-कामगारांचा गट बांधला. पक्षांतर्गत पक्षाला काँग्रेसने मनाई केल्यावर १९४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) बाहेर पडला. नाना पाटील, जी. डी. बापू, नायकवडी त्या बाजूला गेले. दुसरीकडे समाजवाद्यांनी मार्च १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात काँग्रेस सोडायचे ठरवले. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे तिकडे. बेचाळीसच्या भूमिगत चळवळीचे मोठे नेते अच्युतराव पटवर्धन यांनी तर १९५० मध्ये राजकारणच सोडले. चव्हाण, किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले. म्हणजे एका भाकरीचे तीन तुकडे झाले आणि प्रत्येकाने आपल्याच तुकड्याला क्रांतीचे नाव दिले. शेकापचाही पुढे आणखी तुकडा पडला. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्ष मार्क्सवादी झाला आणि १९५४ मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले.

ही फाटाफूट सुरू असतानाच एक गोष्ट घडली, जी वगळून हा आढावा लिहिणे अप्रामाणिक ठरेल. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. खुनी पुण्याशी नाते असलेला ब्राह्मण होता, हे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ब्राह्मणांची घरे, छापखाने, कारखाने जळले. ज्या जिल्ह्याने प्रतिसरकार चालवले, तिथेच ही आग सर्वांत जास्त पसरली. ज्यांचा खुनाशी काडीचाही संबंध नव्हता, ती कुटुंबे रातोरात शहरांकडे निघून गेली, त्यांतली कितीतरी परतली नाहीत. यात जुने जातीय वैर होते, सावकारीचा राग होता, जमिनीची हावही होती. प्रतिसरकारने हे केले, असे म्हणता येणार नाही. पण गावाने गावाचा निवाडा करायची जी शक्ती १९४३ ला उभी राहिली होती, तिला आवरणारे हात तोवर तीन वाटांनी विखुरू लागले होते. हे मला या इतिहासातले सर्वांत दुःखाचे पान वाटते. मारामाऱ्या पुढेही चालू राहिल्या. प्रतिसरकारमधले कासेगावचे बाबूजी पाटणकर १९५२ मध्ये मारले गेले. त्यांच्या पत्नी इंदुताई पाटणकर स्वतः भूमिगत लढ्यातल्या. त्यांनी पुढची सारी हयात परित्यक्ता स्त्रियांच्या आणि कष्टकऱ्यांच्या कामात घालवली.

संस्थाने विलीन झाली, सातारा जिल्ह्याचे उत्तर-दक्षिण दोन भाग झाले, हैदराबादला सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. हे सगळे पुस्तकांत नीट मिळते, त्यामुळे इथे त्यावर थांबत नाही.

थांबायचे आहे ते जमिनीपाशी. कारण गावाच्या दृष्टीने क्रांतीचा अर्थ जमीन हाच होता. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ च्या अखेरीस अमलात आला. १९५६ च्या दुरुस्तीने त्याला दात आले आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कसत होता, तो कायद्याने जमिनीचा खरेदीदार झाला. मग न्यायाधिकरणाने ३२-ग खाली किंमत ठरवायची. साधारणपणे शेतसाऱ्याच्या वीस ते दोनशे पट. कुळाने ती बारा हप्त्यांपर्यंत भरायची. सगळी भरली की ३२-म चा दाखला. कसेल त्याची जमीन, ही घोषणा कागदावर अशी उतरली.

आमच्या भागात याचे मोल मोठे होते. चिंचवडच्या देवस्थानाकडे इनाम गावे होती, पुण्यात राहणाऱ्या मालकांच्या जमिनी खेड तालुक्यात होत्या. नांगर धरणारा आणि खंड घेणारा यांच्यात एक दिवसाचा प्रवास असे. न्यायदान मंडळांना जे तोंडी करता आले, ते सरकारने दहा-बारा वर्षांनी लेखी केले, म्हणून मी या कायद्याला क्रांतीचे लेखी रूप मानतो. मात्र त्यालाही भोके होती. ‘स्वतः कसणार’ म्हणून जमीन परत घ्यायची मुभा मालकाला होती. आपणहून जमीन सोडली, असे कुळाकडून लिहून घेण्याचे प्रकार राज्यभर झाले. शेतमजुराला यातून काहीच मिळाले नाही, कारण त्याचे नाव पीकपाहणीत कधी नव्हतेच. महार वतनाच्या जमिनींसाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ पासून विधिमंडळात भांडण मांडले होते, तरी कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. आणि बाई? कूळ म्हणून नाव लागायचे ते घरच्या कर्त्या पुरुषाचे.

याच काळात क्रांतीचे राजकीय उत्तरपर्व आले. द्विभाषिक मुंबई राज्याविरुद्ध संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली आणि १९४८ ला विखुरलेले बेचाळीसचे कार्यकर्ते पुन्हा एका मंडपात आले. १९५७ ची निवडणूक त्या दृष्टीने विलक्षण होती. नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले. आमच्या खेड लोकसभा मतदारसंघाने शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके निवडून दिले. राजगुरूंच्या खेडने, माळकऱ्यांच्या आणि पाटलांच्या या मुलखाने, बाबासाहेब गेल्यावर काही महिन्यांत त्यांच्या पक्षाचा माणूस दिल्लीला पाठवला. ही घटना आमच्याकडे कुणी आठवत नाही, याचा मला मनापासून खेद आहे. त्याच निवडणुकीत यशवंतराव कराडमधून थोडक्या मतांनी तरले आणि मुख्यमंत्रिपदी कायम राहिले. एकाच जिल्ह्याच्या रानात पोलिसांना चुकवणारे नाना आणि यशवंतराव आता विरोधी बाजूंचे नेते झाले.

१ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला आणि समितीचे प्रयोजन संपले. १९६२ मध्ये दोन संस्था जवळपास हातात हात घालून आल्या, १ मेला जिल्हा परिषदा आणि ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी). तुफान सेनेत जाऊ शकला असता, असा तरुण आता सोसायटीचा चेअरमन, पंचायत समितीचा सभापती होऊ लागला. सहकारी साखर कारखान्यांनी गावातली ताकद गावातच गुंतवली. जी. डी. बापूंनी कुंडलला कारखाना काढला. नायकवडींनी वाळव्यात काढला, त्याला गोळ्यांनी पडलेल्या साथीदाराचे, किसन अहिर यांचे नाव दिले. चव्हाणांनी क्रांतीची ऊर्जा पाटबंधाऱ्यात आणि सहकारात वळवली, असे त्यांचे चाहते म्हणतात. विरोधक म्हणतात, ती विझवली. माझे मत पहिल्याकडे झुकते, एका अटीवर. जिथे जुना कार्यकर्ता जागा राहिला, तिथेच ती ऊर्जा टिकली. नायकवडी साखर कारखान्यावर थांबले नाहीत. धरणग्रस्तांचे पुनर्वसन आणि आटपाडीच्या दुष्काळी भागाला समन्यायी पाणी यासाठी ते म्हातारपणीही रस्त्यावर होते. २०१२ च्या मार्चमध्ये ते गेले, तेव्हा क्रांतीचा एक हप्ता खऱ्या अर्थाने संपला.

सामान्य सैनिकांच्या वाट्याला कागद आला तो निवृत्तिवेतनाचा. केंद्राची योजना १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, आली. किमान सहा महिने तुरुंगवास ही तिची मूळ अट. भूमिगत असणाऱ्याने आपल्यावर वॉरंट किंवा बक्षीस होते, याचा पुरावा द्यायचा. ज्याचे गाव इतके मुके राहिले की पोलिसांना त्याचे नावच कळले नाही, त्याच्यापाशी कसला पुरावा असणार? भाकरी पोचवणाऱ्या, शस्त्रे पदराखाली नेणाऱ्या बायकांची तर गोष्टच वेगळी. नाना पाटलांची मुलगी हौसाताई पाटील २०२१ मध्ये वारल्या. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, पुढच्याच वर्षी गेले. पी. साईनाथ यांनी अशा माणसांच्या मुलाखती शेवटच्या घटकेला टिपल्या, म्हणून त्यांचे शब्द तरी उरले. उलट बाजूला बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणाची न्यायमूर्ती पालकर आयोगाला चौकशी करावी लागली. खऱ्याला कागद मिळत नव्हता आणि खोट्याला मिळत होता.

आता पुन्हा चाकणला. इथे १९९० नंतर एमआयडीसीचे टप्पे पडत गेले. त्याआधी पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, मग टेल्को आणि बजाज यांनी तो पट्टा भरला. जागा संपली तशी चाके इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात आली. फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा ही नावे कांदा-बटाट्याच्या आमच्या बाजारगावाच्या फलकांवर लागली. संपादन होताना ज्या गटांवर बोट ठेवले गेले, त्यांतले कितीतरी कुळकायद्याने मिळालेले होते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘कलम ४३ ला अधीन’ हा कुळकायद्याचा जुना शेरा आणि त्याखाली संपादनाचा नवा. मालक झालेले कूळ एका पिढीपुरतेच मालक राहिले.

हे फक्त आमच्याकडे झाले नाही. मेक्सिकोत १९१० ला शेतकऱ्यांची क्रांती झाली. १९१७ च्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमाने जमीन गावाच्या मालकीची करण्याचे वचन दिले. एमिलियानो सापाटाला १९१९ मध्ये दगा देऊन मारले, तरी वचन उरले आणि पुढे लाखो शेतकऱ्यांना जमीन मिळाली. १९९२ मध्ये त्याच कलमात दुरुस्ती करून जमीनवाटप थांबवले गेले आणि गावजमीन विक्रीला मोकळी झाली. तिथे क्रांतीच्या अखेरीवर संसदेचा शिक्का आहे. आपल्याकडे तो तहसील कचेरीत, गटागटाने, बसला.

शेजारच्या मुळशीत १९२१ ला सेनापती बापट आणि मावळे शेतकरी धरणासाठी जाणाऱ्या जमिनीकरिता लढले होते. ज्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या जोरावर त्यांची भातशेती गेली, तो इंग्रजांचा कायदा स्वातंत्र्यानंतर सहासष्ट वर्षे, २०१३ अखेरपर्यंत, त्याच नावाने टिकून राहिला. झेंडा बदलला, दप्तर तेच राहिले, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. कारखाने यायला नको होते, असे मी म्हणत नाही. माझे भाऊबंद त्यांच्यातच नोकरी करतात, विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-ओडिशातून आलेली हजारो मुले इथल्या खोल्यांत राहून पोट भरतात, आणि कंत्राटी कामगाराचा प्रश्न हा आजचा खरा जमिनीचा प्रश्न आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की जमीन द्यायचा निर्णय गावाने गावात बसून घेतला असता, न्यायदान मंडळासारखा, तर दर, नोकरी, गावठाणाची वाढ, पाणी यावर बोलणे झाले असते. प्रत्येक खातेदार एकेकटा नोटीस हाती घेऊन कचेरीत गेला.

२३ मार्चला राजगुरुनगरला वाड्यावर गर्दी असते, शाळेच्या मुलांच्या फेऱ्या निघतात. मी बहुतेक वर्षी जातो. परतताना रस्त्यावर कंटेनरांची रांग लागलेली असते आणि चाकण चौक ओलांडायला तासभर लागतो.

या लेखासाठी ट्रंक पुन्हा उघडली. आजोबांच्या दाखल्याला किंमत भरल्याच्या पावत्या टाचलेल्या आहेत, टाचणी गंजून कागदाला डाग पडला आहे. बाराच्या बारा हप्ते पूर्ण. दोन्ही कागदांवर आजीचे नाव कुठेच नाही. सातवा हप्ता भरायला घरात पैसा नव्हता, तेव्हा तिने परड्यातल्या कांद्याच्या दोन गोण्या डोक्यावरून बाजारात नेऊन विकल्या, असे आई सांगते. त्या हप्त्याच्या पावतीवरही सही आजोबांचीच आहे.